सावरपेठ: पन्हळी कापलेला बाजाररस्ता

सुमनमावशीनं फोटो पाठवला तेव्हा मी त्यात फक्त रंग पाहिला. फिकट पिवळ्या दर्शनी भिंतींची लांब ओळ, वर एका रेषेत जाणारा कठडा, सारख्या अक्षरांच्या पाट्या, खाली लाल-करड्या फरश्या आणि जुन्या घाटाचे दिवे. खाली तिचा मजकूर: "वळखलं का? आपलाच बाजार हाय. रविवारी उद्घाटन हाय. ये."

ओळखलं नव्हतं. माझ्या आठवणीतला तो रस्ता म्हणजे मधोमध गटार, डोक्यावर तारांचं जाळं आणि दर तिसऱ्या दुकानाला कुलूप.

गावाचं खरं नाव लिहीत नाही. इथं त्याला सावरपेठ म्हणते. छत्रपती संभाजीनगरहून एका दिवसात जाऊन येता येईल असं गाव, नगरपंचायत असलेलं, रविवारी बाजार भरणारं.

नव्या वाचकांसाठी: मी इमारतींच्या सांगाड्यांची गणितं करते, उस्मानपुऱ्यात राहते आणि सुटीच्या दिवशी केलेल्या जवळच्या सहली इथं लिहिते. या सहलीआधीची एक गोष्ट सांगायला हवी. सहा महिन्यांपूर्वी मावशीनं मला याच रस्त्याचा एक नकाशा पाठवला होता. नगरपंचायत बाजाररस्ता नवा करणार होती. दुकानांची समोरची बाजू सरकारी खर्चानं होणार, दुकानदारानं फक्त संमतीपत्रावर सही करायची. "सही करू का?" तिनं विचारलं होतं. मी दर्शनी पॅनेलचं वजन पाहिलं, त्याची चौकट भिंतीला कशी धरली आहे ते पाहिलं, मनातल्या मनात हिशेब केला आणि उत्तर पाठवलं: "ठीक आहे. कर."

त्या उत्तराला मला एका मिनिटापेक्षा कमी वेळ लागला होता.

शनिवार

सकाळची पॅसेंजर घ्या. लासूर स्टेशनपर्यंत साधारण तासभर लागतो आणि दोन कप चहाच्या पैशांत तिकीट निघतं. उजवीकडची खिडकी धरा, दौलताबादचा किल्ला त्या बाजूला दिसतो. भाद्रपद होता. कपाशी कमरेएवढी, मका डोक्यावर, आणि शेतांच्या कडेला अजून पाणी साचलेलं. गेले पंधरा दिवस पाऊस येऊन-जाऊन होता. तेव्हा मला ते पाणी छान दिसलं. फोटोही काढला.

लासूरला स्टेशनबाहेर पोहे मिळतात, वर शेव आणि बाजूला तिखट तर्री. खाऊन घ्या, पुढं बराच वेळ काही मिळत नाही. तिथून सावरपेठला अॅपे रिक्षा जातात. दहा माणसं झाल्याशिवाय सुटत नाहीत, आणि सुटेपर्यंत बारा होतात. रस्ता शेवटच्या टप्प्यात खराब आहे, पाऊण तास धरा.

माझ्यासमोर दोन बायका बसल्या होत्या, दोघींच्या मांडीवर रिकाम्या पिशव्या.

"बाजार बघितला का गं नवा? पार मुंबईवानी केलाय."

"केलाय ना. आता मुतारी कुठं केलीय ते बी सांग."

"तुला काय, बाजारात जायचं का मुतारीत?"

"दोन्हीकडं. बाई मानूस हाय मी, फरश्यांवर काय नाचू?"

सगळी रिक्षा हसली. नोंद म्हणून सांगते: मुतारी आहे, मारुतीच्या पारामागं. स्वच्छ आहे, पण पाटी नाही.

बसस्टँडपासून मारुतीच्या पारापर्यंत बाजाररस्ता चालत सहा मिनिटांचा. खोटं कशाला सांगू, चांगला झाला आहे. गटार झाकलं आहे, तारा जमिनीखाली गेल्या आहेत, भाजीवाल्या बायकांना रंगानं आखलेल्या चौकोनी जागा मिळाल्या आहेत आणि कडुनिंबाखाली बाक आहेत. कुलूप लागलेली तीन दुकानं उघडली आहेत, त्यातल्या एका दुकानात माझ्याच वयाची एक मुलगी केक विकते. शहरातल्या मॉलनं आणि मोबाइलनं ओढून नेलेली गिऱ्हाइकं परत येताना मी पहिल्यांदा पाहत होते.

सुमनमावशीचं कटलरीचं दुकान, म्हणजे बांगड्या, टिकल्या, पिना, रिबिनी. काका गेल्यापासून ती एकटी चालवते.

"आलीस व्हय माय! बघ, माझ्या दुकानाचं तोंड बघ. नवरीवानी झालंय."

"छान झालंय. शटर का अर्धंच उघडलंय?"

"अडकतंय पंधरा दिवसापासून. नवा रंग लागलाय त्याला, दुसरं काय."

मी वाकून आत गेले आणि वर पाहिलं. शटरच्या गुंडाळीचा रंग खरवडला होता, पण फक्त मधोमध. दोन्ही टोकांना रंग जसाच्या तसा. रंगामुळं अडकणारं शटर सगळीकडं अडकतं. हे वरून मधोमध दाबलं जात होतं.

तिथून माझी सहल संपली. मला ते लगेच कळलं नाही, एवढंच.

मावशीच्या बाजूची सात दुकानं जुनी आहेत आणि त्यांना माळवद आहे. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: लाकडी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असं हे सपाट छत. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात याच्यासारखं थंड दुसरं काही नाही. पावसाचं पाणी त्यावर थांबत नाही, कारण छताला रस्त्याकडं किंचित उतार असतो आणि समोरच्या कडेला पन्हळी असतात. पन्हळ म्हणजे पत्र्याची उघडी नळी, हातभर बाहेर आलेली, छतावरचं पाणी रस्त्यावर फेकणारी.

मी बाहेर आले. भिंतींची पिवळी रेघ सरळ आणि गुळगुळीत होती.

"मावशी, पन्हळी कुठं गेल्या?"

"कापल्या. घान दिसायच्या. मागच्या बाजूनं पाईप देनार हायेत म्हने, दुसऱ्या टप्प्यात."

"आणि तोवर पाणी कुठं जातं?"

मावशी एका बाईच्या हातात बांगड्या चढवत होती. वर न बघता म्हणाली, "गळतंय थोडं. म्हनून माती टाकली ना वर. यंदा डब्बल टाकली."

हे मी पुन्हा पुन्हा आठवते. माळवद गळलं की त्यावर माती टाकायची, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. आणि ते बरोबरच होतं, पन्हळी असेपर्यंत. पाणी वाहून जात असेल तर नवी माती भेगा बुजवते. पाणी तुंबलेलं असेल तर ती फक्त पाणी पिते. सातही दुकानांनी या पावसाळ्यात तीन-तीनदा माती टाकली होती.

मागच्या बोळातल्या जिन्यानं मी वर गेले. समोर नवा, विटांचा दोन फुटी कठडा, बाजूंना जुन्या भिंती. छताचं ताट झालं होतं. कठड्यापाशी माझ्या घोट्याएवढं पाणी आणि त्यात ढगांचं प्रतिबिंब. उरलेल्या भागावर गवत उगवलं होतं, मऊ आणि फार हिरवं. मी पहिलं पाऊल टाकलं आणि बूट आत गेला. दुसरं टाकलं नाही.

माळवदात उजेडासाठी एक छोटं भोक ठेवलेलं असतं, त्याला सानं म्हणतात. त्यातून खालचा आवाज वर येत होता. दोन मुली हसत होत्या. एक म्हणत होती, "हिरव्याच दाखवा ना मावशी, महालक्ष्म्यांना हिरव्याच पाहिजेत." त्या माझ्या बरोबर खाली होत्या. मी श्वास सावकाश सोडला, जणू त्याचंही वजन मोजलं जाईल. मग फक्त भिंतीच्या डोक्यावर पाय ठेवत कडेनं गेले आणि छत्रीची काडी मातीत खुपसली. चाळीस सेंटिमीटर. पूर्वी थर वीतभर असायचा, असं मावशीनंच नंतर सांगितलं.

दुकान दहा फूट बाय सोळा. ओली माती घनमीटरला दोन टनांच्या आसपास. म्हणजे बारा टन आणि वर पाणी. पूर्वी सगळं मिळून साडेपाचच्या आत होतं. तुळया त्याच. वाळूनं भरलेला एक ट्रक डोक्यावर घेऊन माझी मावशी बांगड्या विकत होती.

खाली येऊन मी तुळई मोजली. माझ्याकडं काहीच साधन नव्हतं. मधल्या तुळईच्या दोन्ही टोकांना दोन-सहाच्या मापाची एकेक बांगडी खिळ्याला अडकवली आणि बांगड्यांच्या खालच्या कडेतून शिवणाचा दोरा घट्ट ताणला. तुळई सरळ असती तर दोरा सगळीकडं तिच्यापासून एका बांगडीएवढा दूर राहिला असता. मधोमध तो लाकडाला टेकत होता. म्हणजे तुळई मध्यभागी एका बांगडीएवढी, साठ मिलिमीटर, खाली आली होती.

"हे काय जादूटोना करतीस?" मावशी म्हणाली.

"मावशी, दुकान बंद कर."

"डोकं फिरलं का? उद्या महालक्ष्म्यांच्या आधीचा बाजार हाय. वर्साचा धंदा उद्याच."

"छत उतरतंय."

"उतरू दे की. माळवद म्हातारं मानूस हाय, जरा वाकतं." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तूच तं म्हनली होतीस, ठीक आहे, कर."

"म्हणाले होते. मी पॅनेलचं पाहिलं. छताचं विचारलंच नाही. माझी चूक आहे."

बांगड्यांच्या डब्यांवर रोज पडणारी पांढरी माती मावशीनं फडक्यानं पुसली. माती धुळीसारखी उडाली नाही. ओलसर होती, पुसताना तिच्या गोळ्या झाल्या.

शेजारी रज्जाकचाचांचं पत्र्याच्या कामाचं दुकान आहे. डबे, चाळण्या, कोठ्या. सडपातळ, सत्तरीचे. मी पन्हळींचा विषय काढताच त्यांनी कोपऱ्यातलं पोतं उचललं. खाली कापलेल्या पन्हळी रचून ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर खडूनं दुकानाचा नंबर.

"मेरे हाथ की है बेटी, सब की सब. कापताना मेरे कू पूछे तक नै. भंगार में जा रही थी, मैंने उठा ली. म्हटलं, आज नै तो कल, कोई तो आयेगा पूछने."

"इतके महिने कुणीच आलं नाही?"

"तू आयी ना."

मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

पाराजवळ उद्घाटनाचा मांडव उभा राहत होता, मावशीच्या ओळीच्या अगदी समोर. नगरपंचायतीचे तरुण अभियंता तिथं दोऱ्या मोजत होते. मी ओळख सांगितली, आकडे सांगितले, कठड्याला तळाशी भोकं पाडायला हवीत असं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मॅडम, ड्रॉइंग बाहेरून आलं होतं. त्यात पन्हळींच्या पुढं लिहिलं होतं, 'अनावश्यक बाहेर आलेले भाग, काढून टाकणे'. मी काढून टाकले."

"तुम्ही इथलेच ना? तुमच्या घराला माळवद आहे?"

"होतं. वडिलांनी पाडून स्लॅब टाकला." ते थांबले. "उद्या साहेब येणारेत. आज त्या भिंतीला छिन्नी लावली तर माझी नोकरी जाईल. सोमवारी बघतो. लेखी द्या."

मी लेखी दिलं. माझ्या व्यवसायात लेखी दिलं की जबाबदारी पुढं सरकते, असं आपण धरून चालतो. वजन मात्र जिथं असतं तिथंच राहतं.

दोरा मी तसाच बांधून ठेवला. मावशीच्या घरी ज्वारीची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी खाल्ली. घराला स्लॅब आहे. मी जेवता जेवता त्याच्याकडंही पाहत होते.

रविवार

सकाळी सातला मावशीबरोबर दुकानात गेले. रात्री पाऊस आला नव्हता. तरी ताणलेला दोरा मधोमध वाकला होता. तुळई त्याच्याही खाली उतरली होती.

मावशीनं दोऱ्याला बोट लावलं. "काल सरळ व्हता."

"हो."

"कुनी हात लावला?"

"चावी तुझ्याकडं होती."

तिनं हातातली अगरबत्ती न लावताच खाली ठेवली. आम्ही डबे बाहेर काढायला लागलो, एकेक करून, आवाज न करता, एखादं झोपलेलं जनावर उठू नये तसे. समोर कडुनिंबाखाली तिनं खाट टाकली आणि तिच्यावर दुकान मांडलं. रज्जाकचाचा गल्लीतल्या एका बांधकामावरून स्लॅबला लावतात ते लोखंडी टेकू घेऊन आले. तुळईखाली तीन उभे केले. तिसरा आवळताना वर लाकूड करकरलं आणि आम्ही तिघंही जागीच थांबलो. कुणी कुणाकडं पाहिलं नाही.

मग चाचांनी रस्त्यावरून शिडी लावली.

"चाचा, छतावर पाय द्यायचा नाही. वजन किती तुमचं?"

"पैंतालीस. बीवी कहती है, हड्डी का वजन है, मांस तो हैच नै."

छिन्नी-हातोड्याचा आवाज सुरू झाला तशी माणसं जमली. नवी पिवळी भिंत, उद्घाटनाचा दिवस, आणि एक म्हातारा तिला भोक पाडतोय. कुणी शिव्या दिल्या, कुणी मोबाइल काढले. ओळीच्या टोकाला असलेल्या साडीच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे शेटजी म्हणतात, धावत आले.

"सुमनबाई, दृष्ट लावताय का सगळ्या रस्त्याला? फोटोत हे दिसनार!"

"दिसू द्या शेटजी. तुमचं बी पाडून घ्या, दोन मिन्टाचं काम हाय."

"माझं दुकान ठनठनीत हाय. नवं सागवानी कपाट केलंय कालच, छताला भिडलंय. तुळई हलती तं कपाट बसलं असतं का?"

त्याच वेळी विटेचा तुकडा सुटला आणि पाणी आलं. गढूळ, पांढरट, जोरात. पिवळ्या भिंतीवरून, मावशीच्या पाटीवरच्या अक्षरांवरून, चाचांच्या डोक्यावरून खाली नव्या फरश्यांवर.

"घ्या!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "साहेबांच्या आधी पान्यानंच उद्घाटन केलं!"

सगळे हसले. पाणी बराच वेळ येत राहिलं. हसणं त्याच्या आधी थांबलं. चाचांनी भिजल्या कपड्यांनी भोकात जुनी पन्हळ बसवली, तिच्यावरचा खडूचा नंबर धुऊन गेला होता.

अभियंता लांबून पाहत होते. जवळ आले नाहीत. पण अर्ध्या तासानं मांडव रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला हलला. स्पीकरची वायर पुरत नाही, असं कारण सांगण्यात आलं.

उद्घाटन झालं, भाषणं झाली. मी ऐकली नाहीत. मी उरलेल्या सहा दुकानांसमोर फेऱ्या मारत होते. प्रत्येकाला सांगितलं. एक म्हणाला उद्या, एक म्हणाला अभियंत्यांनी लिहून द्यावं, एकानं मला चहा पाजला. दुपारी बाजार ऐन भरात आला. साडीच्या दुकानात बायका उभ्या राहायला जागा नव्हती. पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं आणि मी दर पाच मिनिटांनी तिकडं पाहत होते.

तीनच्या सुमारास पाऊस आला. मोठा, तिरपा. आणि रस्त्यावरचा सगळा बाजार, भाजीवाल्या, पोरं, म्हातारे, जिथं छत दिसलं तिथं शिरला. सहा माळवदांखाली.

मी आयुष्यात फारशी ओरडलेली नाही. तेव्हा ओरडले. "बाहेर या! छत पडेल! बाहेर या!" लोकांनी माझ्याकडं पाहिलं. भिजलेली, शहरातली एक मुलगी. शेटजींच्या दारातल्या एका म्हातारबांनी मला हात केला, "आत ये पोरी, भिजतीस कशाला?" आणि मला आत जागा करून द्यायला सरकून उभे राहिले.

मी घनमीटर आणि टन सांगत होते. खरंच सांगत होते. त्या आवाजात कुणाला काय कळणार?

मागून मावशी आली. पदर खोचलेला, चप्पल नाही. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला केलं आणि असा आवाज काढला की पलीकडच्या गल्लीत गेला असेल:

"साप! माळवदातून साप निघाला! दोन हायेत! शेटजी, तुमच्या सान्यातून खाली उतरला बघा!"

माळवदात साप असतो हे इथं प्रत्येकाला माहीत आहे. पावसात तो उतरतो हेही. शेटजींचं दुकान मी दहा मोजेपर्यंत रिकामं झालं. मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. माणसं पावसात रस्त्याच्या मधोमध उभी राहून छतांकडं पाहत होती. म्हातारबा सगळ्यांत पुढं होते.

पाऊस वीस मिनिटं पडला. मावशीच्या पन्हळीतून पाणी हातभर लांब पडत होतं. बाकी सहा दुकानांच्या भिंतींवरून एक थेंबही खाली येत नव्हता. ते सगळं वर जमा होत होतं. मी डोळे मिटले नाहीत.

काहीही पडलं नाही.

पाऊस थांबला. साप सापडला नाही. लोक पांगले, गिऱ्हाईक गेलं आणि बाजार मोडला. शेटजी मावशीसमोर येऊन म्हणाले, "ऐन बाजारात खोटं बोललात सुमनबाई. हे बरं नाय केलं." खाटेवरच्या भिजलेल्या टिकल्यांची पाकिटं मावशी एकेक करून झटकत होती.

संध्याकाळच्या रिक्षेला मला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पडलं का गं छत?"

"नाही."

"नाय पडलं." ती थोडं चालली. "आता मी सावरपेठेत सापवाली म्हनून मरनार."

घरी

जाणार असाल तर जा. रविवार सकाळ चांगली, अकराच्या आत. पाराजवळची भजी खा, केकवाल्या मुलीकडं नानखटाई मिळते तीही घ्या. भांड्यांची गरज असेल तर रज्जाकचाचांची चाळणी वीस वर्षं टिकते. रस्ता बघण्यासारखा आहे, आणि तो टिकावा असं मला मनापासून वाटतं. मात्र जुन्या दुकानात शिरताना एकदा वर पाहा. समोरच्या भिंतीतून पन्हळ बाहेर आलेली दिसली तर खुशाल आत जा.

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या घरी मी त्या आठवड्यात नीट बसले नाही. दर दुपारी आभाळ भरलं की ऑफिसच्या खिडकीशी जात होते. काही पडलं नाही, याचा आनंद व्हायला हवा होता. पण मोजलेलं वजन तसंच होतं, आणि लोकांच्या लेखी आता ते सापासारखंच खोटं ठरलं होतं.

शुक्रवारी मावशीचा फोन आला. अभियंत्यांनी उरलेल्या सहाही कठड्यांना भोकं पाडून घेतली होती, कागदावर 'दुसऱ्या टप्प्याचे पूर्वतयारीचे काम' असं लिहून. चाचांनी पन्हळी बसवल्या. वरची माती उतरवायला सुतार आणि चार माणसं लावली होती.

"शेटजीचं ते कपाट हाय ना, नवं? सागवानी?"

"हो."

"सुतारानं वर बघितलं. तुळई मधून तुटलेली व्हती. पार आरपार. कपाटावर टेकून बसली व्हती." तिचा आवाज हळू झाला. "छत कपाटानं धरलं व्हतं माय. आनि त्यो येडा सोमवारी कपाट सरकवनार व्हता. बायकांना बसाया जागा करायची म्हनून."

"सरकवलं नाही?"

"सापाच्या भ्यानं. मला खोटं म्हनला खरा, पन कपाटामागं असंल तं, म्हनून हात लावला नाय."

फोनमध्ये मागं कुठंतरी पत्र्यावर हातोडी वाजत होती.

काल रात्रीच्या जेवणाआधी तिचा एक मेसेज आला. नवा नकाशा. दुसऱ्या टप्प्यात मागच्या बोळात फरशी, पाईप आणि रंग. खाली तेच: "सही करू का?"

मी नकाशा मोठा करून पाहिला. रेषा स्वच्छ होत्या, पाईपचं माप बरोबर वाटत होतं. बोट उत्तरावर गेलं, ते शब्द तर मोबाइलनं आपणहून पुढं केले: ठीक आहे. मी ते पुसले.

"नको करू," मी लिहिलं. "शनिवारी येते. आधी वर जाऊन बघू."